किमान अटींत बसणारं घर

माझं घर पास झालं. कंपनीकडून तसं रीतसर आलं, हिरव्या बरोबरच्या खुणेसकट.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजू. पास-बिस काही झालेलं नाही. मे महिना आहे, आमच्या गावी माकुणसारला ओटीवर पंखा फिरतोय, आणि मी अजून अशा भ्रमात आहे की घर ही राहायची जागा असते, तिची परीक्षा नसते.

मी पुण्याच्या एका कंपनीत काम करतो. म्हणजे कंपनी पुण्यात, काम माकुणसारला, आणि दोघांच्या मध्ये एक वायर. आमची कंपनी सुरक्षा-सॉफ्टवेअर विकते. हल्लीचे प्रोग्रॅम कंटेनरमध्ये राहतात. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅमला लागेल ते सगळं सामान त्याच्यासोबत एका बंद खोक्यात भरून ठेवायचं. मग ते खोकं कुठल्याही मशीनवर नेऊन उघडा, आतला प्रोग्रॅम पाहुण्यांसारखा 'माझा टॉवेल कुठाय' विचारत हिंडत नाही. अशी हजारो खोकी क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर, ठेवलेली असतात. आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक खोक्यात डोकावून आत काही वाईटसाईट नाही ना, हे बघतं.

हे मी माईला, म्हणजे माझ्या आईला, एकदा समजावून सांगितलं. घरात आम्ही दोघंच, आणि मागे पानवेलीची वाडी. खायच्या पानांच्या चळती करंडीत रचता रचता तिने ऐकून घेतलं.

"म्हंजे व्यापारी करंडीत हात घालून बघतो तसं."

"साधारण तसंच."

"व्यापारी वरची चार पानं बघतो नि भाव पाडतो. तुमचंबी तसंच काय?"

या प्रश्नावर मी अजून विचार करतो आहे.

माझं काम त्या मानाने सोपं. जगभरातल्या लोकांना आमचं सॉफ्टवेअर बसवता येत नाही. ते आमच्या मदतकक्षाला लिहितात. मी उत्तर देतो, "कृपया आपण सिस्टीम रिक्वायरमेंट्स वाचल्या आहेत का?" सिस्टीम रिक्वायरमेंट्स म्हणजे सॉफ्टवेअर बसवण्याआधी मशीनकडे काय काय हवं त्याच्या अटी. मेमरी इतकी, डिस्क इतकी, वीज अखंड, इंटरनेट अखंड, घड्याळ बरोबर. दोन रकाने असतात, एक किमान आणि एक उत्तम. दोन वर्षं मी हा प्रश्न विचारतो आहे, 'झेरॉक्स आणलीत का' या सुरात. समोरच्या माणसाने वाचलेलं नसतं हे मला माहीत असतं, आणि मीही वाचलेलं नाही हे त्याला माहीत नसतं, यावर आमचा सगळा मदतकक्ष उभा आहे.

तर सोमवारी मेघालीचा फोन आला. मेघाली माझी वरिष्ठ. तिच्याकडे वाईट बातमी चांगल्या आवाजात सांगण्याची कला आहे, त्यामुळे ती वरिष्ठ.

"प्रणव, एक छोटीशी गोष्ट. घरून काम करणाऱ्या सगळ्यांनी आता आपलं सॉफ्टवेअर घरच्या एका मशीनवर बसवून दाखवायचंय. गुरुवार सकाळपासून शुक्रवार संध्याकाळपर्यंत चालू राहिलं पाहिजे. एकदाही बंद पडायचं नाही, एकदाही क्लाउडशी संपर्क तुटायचा नाही."

"आणि पडलं तर?"

"तर जूनपासून पुण्यात. खिडकीजवळचं टेबल बघू तुझ्यासाठी."

मी माईला सांगितलं. ती म्हणाली, "जा की. पुणं काय परदेश हाय?" आणि पानं मोजायला बसली. पानं मोजताना माई गप्पा मारते, शेजाऱ्याशी भांडते, फोनवर बोलते, पण आकडा चुकत नाही. त्या दिवशी तिने एकच चळत तीनदा मोजली. आमच्या घरात महत्त्वाच्या गोष्टींवर न बोलण्याची पद्धत आहे आणि बिनमहत्त्वाच्या गोष्टींवर वेळेची मर्यादा नाही.

पहिला सल्ला आला तो शेजारच्या कृष्णकांतकाकांकडून. काका तारापूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण स्वभावातली चावी त्यांनी अजून परत केलेली नाही. त्यांनी अटींचा कागद चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून वाचला.

"सोळा जीबी मेमरी लिवलीय. तू बत्तीस माग. मागताना दुप्पट मागायचं, मंग सोळा मिळते."

"काका, मागायची नाही. आपल्याकडे असायला हवी."

"मंग हा कसला कागद?" काकांनी तो तुच्छतेने घडी करून परत दिला. "नि मशीन चालूच ठेवायला पायजे असं काय नाय. आमच्याकडं तपासणीला साहेब यायचे, तवा आमी एक पंप नुसता फिरवत ठेवायचो. आवाज आला की साहेब खूश."

आमच्या तपासणीचा साहेब क्लाउडमध्ये असतो आणि तो आवाज ऐकत नाही, हे काकांना पटवण्यात सोमवार संपला.

मशीनसाठी मी बोईसरला शैलेशकडे गेलो. शैलेश माझा मावसभाऊ. स्टेशनजवळ त्याचं कॅमेरे आणि कम्प्युटरचं दुकान आहे. अर्ध्या बोईसरवर त्याच्या कॅमेऱ्यांची नजर आहे आणि त्याच्या दुकानातून छत्र्या चोरीला जातात. त्याने कोपऱ्यातली एक उभी पेटी पुढे ओढली.

"एका रंगाच्या कंपनीतून आलीय. कंपनी बंद पडली, मशीन नाय पडली. घेऊन जा, काम झालं की आणून दे."

"चालू आहे ना?"

"चालू हाय. जरा गुलाबी हाय."

त्याचा अर्थ मला घरी कळला. पेटी चालू केली आणि मागच्या पंख्यातून कित्येक वर्षं साठलेली रंगाची भुकटी बाहेर आली. समोरच्या दोरीवर माईची पांढरी चादर वाळत होती. चादर गुलाबी झाली. माई तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एकसारखा लागला तरी." आमच्याकडे नुकसानीची प्रतवारी अशी होते.

मग मी सॉफ्टवेअर बसवायला घेतलं. बसवण्याआधी ते स्वतःच मशीन तपासतं. प्रोसेसरचे आठ कोअर, ठीक. डिस्क, ठीक. घड्याळ, ठीक. मेमरी, नापास. हवेत सोळा जीबी, आहेत साडेपंधरा. उरलेला अर्धा जीबी पडद्यावर चित्र दाखवण्यासाठी मशीनने स्वतःकडे ठेवून घेतला होता. म्हणजे मेमरी कमी आहे हे मला दाखवण्यासाठीच ती कमी पडत होती.

अर्ध्या जीबीची सवलत मिळावी म्हणून मी कंपनीच्या मदतकक्षाला नम्र शब्दांत लिहिलं. ग्राहकाने लिहावं तसं, कारण त्या वेळी मी ग्राहक होतो. थोड्या वेळाने माझ्या कामाच्या यादीत एक नवी तक्रार येऊन पडली. ती माझी होती.

नियमांत स्वतःची तक्रार दुसऱ्याकडे ढकलायची सोय नव्हती, कारण असं कुणी करेल हे नियम करणाऱ्यांना सुचलंच नव्हतं. मग नाइलाजाने उत्तर लिहिलं, "कृपया आपण सिस्टीम रिक्वायरमेंट्स वाचल्या आहेत का?" आणि ते मला मिळालं. खोटं सांगत नाही, वाचून अपमान वाटला. दोन वर्षं मी लोकांना हे लिहितो, आणि आतून ते असं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी 'आपण समाधानी आहात का' असं विचारणारी चौकट आली. मी पाचपैकी एक तारा दिला.

तासाभरात मेघालीचा फोन. "प्रणव, तुला एका ग्राहकाने फार वाईट शेरा दिलाय. 'उत्तर देणाऱ्याला माणुसकी नाही' असं लिहिलंय. काही झालं का?"

"ग्राहक जरा हळवा होता," मी म्हणालो.

"जपून बोलत जा रे. त्यांची काहीतरी अडचण असते."

अर्धा जीबी शेवटी शैलेशने दिला. तो संध्याकाळी मोटारसायकलवरून आला, खिशातून मेमरीची एक पट्टी काढली आणि मशीनमध्ये बसवली. कुठून आणली विचारल्यावर म्हणाला, "दुकानातल्या माज्याच मशीनची. शनिवारपर्यंत बिलं हातानं लिवीन."

"गिऱ्हाईकं काय म्हणतील?"

"अक्षर वाचता आलं तर म्हणतील ना."

मेमरी पास झाली. आता प्रश्न विजेचा.

शुक्रवारी आमच्या भागातली लाईट दुरुस्तीसाठी जाते. सकाळी जाते ती संध्याकाळी येते. यात तक्रार काही नाही, वायरींनाही सुट्टी लागते. पण आमची परीक्षा नेमकी शुक्रवारी संध्याकाळी संपत होती. मी वीज कार्यालयात गेलो. तिथले साहेब शांत होते, ज्या माणसाकडे रोज लोक चिडून येतात तो शेवटी होत जातो तसे.

"या एका शुक्रवारी बंद न ठेवता शनिवारी ठेवता येईल का?"

"घरी पेशंट आहे का? ऑक्सिजनवर वगैरे?"

"नाही. सॉफ्टवेअर आहे."

त्यांनी वर बघितलं. चेष्टा आहे की काय हे ते माझ्या चेहऱ्यावर शोधत होते. माझा चेहरा जन्मतः असा आहे की शोधणाऱ्याला काही सापडत नाही.

"अर्ज द्या," ते म्हणाले.

"अर्ज दिल्यावर होईल?"

"होणार नाही. पण अर्ज राहील."

मी अर्ज दिला. बाहेर पडताना मला विचित्र बरं वाटत होतं. जगात जे होणार नाही त्याचीही कुठेतरी नोंद राहते, हे काही वाईट नाही.

लाईट असतानाचाही एक घोटाळा होता. आमच्या आळीत पाण्याचे पंप आहेत. सकाळी पाणी सोडायची वेळ झाली की ते एकापाठोपाठ एक सुरू होतात आणि दिवे पिवळे पडतात. ट्यूब डोळे मिचकावते आणि मशीन बंद पडून पुन्हा सुरू होतं. सगळ्यात मोठा पंप लाडकीकाकींचा. त्यांची वाडी आमच्या कुंपणाला लागून. गेल्या वर्षी त्यांनी नव्या पानवेली लावल्या होत्या, आणि मे महिन्यात नवी वेल एक दिवसही पाण्यावाचून ठेवायची नसते. हे मला माहीत असल्यामुळे मी त्यांच्या ओटीवर बसून बराच वेळ हवेबद्दल बोललो.

"तुला काय पायजे ते बोल," काकी म्हणाल्या. "हवा मला दिसते."

मी सांगितलं. गुरुवारी पंप नको. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लाईटच नाही. म्हणजे जवळजवळ दोन दिवस पाणी नाही. सांगताना मलाच ते ऐकवेना. काकींनी त्यांच्या वेलींकडे बघितलं, मग आमच्या घराकडे बघितलं.

"नाय चालू झालं तर तू पुण्याला जाशील?"

"जावं लागेल."

"नि माई?"

मी म्हटलं, माई म्हणते जा. काकी हसल्या. "ती काय म्हणते ते आमाला सांगतोस?" मग त्या उठल्या. "गुरुवारी नाय चालवत. पण शुक्रवारी मला पाणी पायजे. कुठूनबी आण."

शुक्रवारी विजेशिवाय पाणी म्हणजे कृष्णकांतकाकांचं डिझेल इंजिन. ते त्यांच्या पडवीत ताडपत्रीखाली झाकलेलं होतं. काका त्याला दर दिवाळीला तेल घालत, चालवत मात्र नसत. आता त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा नोकरीवर घेतल्यासारखं तेज आलं. आळीतल्या सगळ्यांनी गुरुवारी आपापले पंप बंद ठेवायचं कबूल केलं. कुणी कारण नीट विचारलं नाही. 'माईच्या पोराची परीक्षा हाय' एवढं पुरेसं झालं. मी पदवीधर आहे आणि परीक्षा घराची आहे, हे दोन्ही मुद्दे मागे पडले.

गुरुवारी सकाळी सॉफ्टवेअर चालू झालं. पडद्यावर एक हिरवा ठिपका आला. तो दर काही मिनिटांनी क्लाउडला कळवत होता की मी आहे. यापलीकडे दिवसभर काहीच घडत नव्हतं, तरी लोक बघायला आले. आमच्याकडे बघायला येताना हात हलवत येत नाहीत, त्यामुळे दुपारपर्यंत मशीनच्या शेजारी चिकू, दोन शहाळी आणि जाम फळांचा एक वाटा जमला. येणारा दोन मिनिटं ठिपक्याकडे बघायचा, हळू आवाजात 'बरं हाय ना?' विचारायचा, आणि माई 'हाय, सकाळपासून तसंच हाय' म्हणून चहा टाकायची. तिने मशीनला कुंकू लावलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की लावलं असेल. ती म्हणाली, "परक्याची वस्तू हाय. परत द्यायचीय."

संध्याकाळी मी कुंपणापाशी गेलो. काकींच्या नव्या वेलींची शेंड्याची पानं मान टाकून होती. काकी एका बादलीतून तांब्याने एकेका वेलीच्या बुंध्याशी पाणी घालत होत्या. सगळ्या वाडीला तसं घालायला त्यांना रात्र पुरली नसती, आणि त्यांना ते माहीत होतं. मी दुसरी बादली घेतली. घरात हिरवा ठिपका क्लाउडला कळवत होता की मी आहे.

शुक्रवारी सकाळी लाईट गेली. शैलेशने आदल्या दिवशीच आमच्या आणि काकांच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या एकत्र जोडून ठेवल्या होत्या. फक्त मशीन त्यावर, दुसरं काही नाही. पंखाही नाही. तरी त्याने फोनवर बजावलं, "दुपारी चारपर्यंत खेचेल. लाईट येते सहाला. मधल्या दोन तासांचं तुजं तू बघ."

लाईट गेली की आमच्या इंटरनेटवाल्याचा डबाही जातो. उरला मोबाईल. मोबाईलचं नेट आमच्याकडे येतं, पण उंचावर येतं. काकांच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ एक काडी, आणि हात वर केला की दोन. हात किती वेळ वर धरणार, म्हणून काकांनी आंबे उतरवायचा झेला दिला. लांब बांबू, टोकाला जाळी. आंब्याच्या जागी फोन ठेवला. बांबू टाकीला बांधायला गेलो तर फोन एका काडीवर यायचा. मी हातात धरून अमुक एका कोनात उभा राहिलो तर तीन. काही गोष्टींना माणूस लागतोच. असा मी, एका नामांकित सुरक्षा-सॉफ्टवेअरचा प्रतिनिधी, मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर झेला धरून उभा राहिलो. फोनचं नेट खिडकीतून आमच्या खोलीत, खोलीतून मशीनला. निघताना माईला एकच सूचना दिली होती, "मशीनजवळ बस. पण हात लावू नकोस."

खाली काकांनी इंजिन सुरू केलं. पहिल्या धक्क्याला आळीतले सगळे कावळे उडाले. धड धड धड धड, आणि काकींच्या वाडीत पाणी पडायला लागलं. गच्चीवरून ते दिसत होतं. पाट काळा होत होत पुढे सरकत होता, आणि त्याच्या काठाने काकी चालत होत्या. हे बघत असताना माझा फोन वाजला.

फोन माझ्या डोक्यावर, बांबूच्या टोकाला, जाळीत. मान वर केली तर पडद्यावर 'माई' दिसत होतं. तो घ्यायचा तर झेला खाली घ्यायला हवा. झेला खाली घेतला तर संपर्क तुटला, आणि संपर्क तुटला तर पुणे. मी ओरडलो, "काय झालं?" इंजिन म्हणालं धड धड. माईही खिडकीतून काहीतरी ओरडली असावी. तिचं तोंड हललेलं दिसलं. फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. माझ्या आईचा फोन माझ्या डोक्यावर वाजतो आहे, आणि तिच्या घरी राहता यावं म्हणूनच मी तो उचलत नाही, असा विचार तेव्हा आला आणि बराच वेळ गेला नाही. करायला दुसरं काही नव्हतं.

खोलीत काय झालं ते मला नंतर कळलं. पंखा नाही, खिडकीतून ऊन, मशीन तापलं आणि शिटी मारायला लागलं. माईने मला हाक मारली, फोन केला, पुन्हा केला. मग तिने ठरवलं. माईला तापणारी, जपायची, परक्याच्या हाती सुखरूप पोचवायची एकच वस्तू माहीत आहे, पानांची करंडी, आणि तिचं काय करायचं हे तिला पंचेचाळीस वर्षं पाठ आहे. तिने मागे जाऊन केळीची पानं तोडली. मशीनला चारी बाजूंनी पानं लावली, वरून पान घातलं, करंडी बांधतात तसं केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीने, आवळून बांधलं, आणि त्यावर ओलं गोणपाट पिळून टाकलं. हवा जाण्याच्या सगळ्या जाळ्या तिने काळजीपूर्वक बुजवल्या. शिटी बारीक झाली आणि थांबली. माईला वाटलं, बरं वाटलं त्याला.

मशीनला बरं वाटलं नव्हतं. मशीनचा श्वास कोंडला होता. पण या मशीनांना एक सवय असते. जीव घाबरा झाला की ती मरत नाहीत, हळू होतात. जिथे शंभर कामं करायची तिथे दहा करतात. गोणपाटाच्या ओलीने ते अगदी विझलंही नाही. ते तसंच, केळीच्या पानांत गुंडाळलेलं, अर्धवट झोपेत, दर काही मिनिटांनी क्लाउडला कळवत राहिलं की मी आहे. आणि हळू झालेलं मशीन वीजही हळूच खातं. चारला संपायच्या बॅटऱ्या चारला संपल्या नाहीत. पाचला संपल्या नाहीत.

लाईट आली तेव्हा मी झेला खाली घेतला. हात खाली यायला तयार नव्हते, ते आणखी थोडा वेळ वरच राहिले. घरी आलो. खोलीच्या मधोमध व्यापाऱ्याकडे पाठवायच्या तयारीत एक मोठी करंडी होती आणि तिच्यातून एक वायर बाहेर येत होती. गोणपाट गुलाबी झालं होतं. शेजारी माई भिंतीला टेकून बसली होती, हातात पाण्याची वाटी.

"मी हात लावला," ती म्हणाली. "फोन नाय घेतलास तू."

मी सोपट सोडलं. पडद्यावर लिहून आलं होतं. 'स्थिती: अखंड चालू. वेग: अपेक्षेपेक्षा बराच कमी. कारण: अज्ञात.'

अटींमध्ये वेगाचा उल्लेख कुठेच नव्हता. अखंड चालू राहणं एवढंच होतं. आमच्या आळीतल्या बऱ्याच गोष्टी याच तत्त्वावर टिकून आहेत.

तर माझं घर पास झालं. हे वाक्य आता तुम्ही वाचलं तरी चालेल.

सोमवारी मेघालीचा फोन आला. आवाज इतका चांगला होता की मी खाली बसलो.

"अभिनंदन. घरून काम करणाऱ्या सगळ्यांत फक्त तुझं घर पास झालंय. बाकी कुणाचं गुरुवारची रात्रसुद्धा काढू शकलं नाही. वरचे लोक फार खूश आहेत."

"म्हणजे मी इथेच राहू शकतो."

"हो, नियमाने हो. म्हणूनच त्यांना वाटतंय की तू पुण्याला यावंस. बाकीच्यांना शिकवायला, की घर कसं पास करायचं. जूनपासून. त्यांचं होईपर्यंत."

"त्यांचं कधी होईल?"

"खिडकीजवळचं टेबल मिळालंय," मेघाली म्हणाली.

माई ओटीवर पानं मोजत होती. मी सांगितलं. तिने चळत खाली ठेवली नाही.

"शाळेत पयला आलास तवाबी असंच केलं त्यांनी. इथली शाळा संपली, तालुक्याला जा म्हणाले. तिथं पास झालास, तर मुंबईला." तिने चळत करंडीत ठेवली आणि वर केळीचं पान घातलं. "नापास झाला असतास तरी पुण्यालाच ना?"

"हो."

"मंग पास झालास ते बरं झालं," ती म्हणाली, आणि तीच चळत काढून पुन्हा मोजायला घेतली.

शैलेशची पट्टी मी परत केली. त्याच्या तेवढ्या दिवसांच्या बिलांचं अक्षर अजून कुणाला लागलेलं नाही. काकींच्या वेली सावरल्या, कुंपणाकडच्या दोन सोडून. मी रोज त्या दोन जागा बघतो. कृष्णकांतकाका इंजिनवर पुन्हा ताडपत्री घालायला तयार नाहीत. आणि मी एक अर्ज लिहिला आहे. त्याचं काय होणार हे मला त्या वीज कार्यालयातल्या साहेबांनी आधीच सांगून ठेवलंय. मला तेवढं पुरेसं आहे.

*

प्रति,
प्रमुख, सिस्टीम रिक्वायरमेंट्स विभाग, पुणे.

विषय: किमान अटींच्या रकान्यात दुरुस्ती करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपले सॉफ्टवेअर माकुणसार येथे अखंड चालले ते आठ कोअर आणि सोळा जीबी यांच्या बळावर चालले नाही. सबब पुढील आवृत्तीत किमान रकान्यात खालील बाबी समाविष्ट कराव्यात: आपल्या नव्या वेली एक दिवस तहानलेल्या ठेवील अशी एक शेजारीण, स्वतःच्या मशीनची मेमरी काढून देणारा एक भाऊ, वेळेला सुरू होणारे एक जुने इंजिन, आणि हात लावू नकोस असे सांगितल्यावरही हात लावील अशी घरातली एक व्यक्ती. यांपैकी कोणतीही बाब उत्तम रकान्यात टाकू नये. त्या किमान आहेत.

सदर बाबी जागेवरून हलविता येत नाहीत, आणि त्यांच्याविना प्रशिक्षण देणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. तरी पुणे कार्यालय, खिडकीजवळच्या टेबलासह, जून महिन्याच्या आत अर्जदाराच्या वाडीत विहिरीच्या उत्तरेस सावलीच्या बाजूला स्थलांतरित करण्यात यावे. शुक्रवारी लाईट नसते याची नोंद घ्यावी. येताना हात हलवत येऊ नये, ही विनंती.